चाळीस कागदी बहिणी

मी एक पट्टी बोलतेय. शाळेत हातावर बसायची ती लाकडी बया नव्हे, की शिंप्याच्या गळ्यात लोंबणारी टेपही नव्हे. मोठ्या रुग्णालयात मुलांचा तातडीचा विभाग असतो, तिथे पहिल्या खाटेच्या डोक्याशी स्टीलच्या हुकाला मी लटकत होते. दीड मीटर लांब, चार बोटं रुंद, अंगावर नऊ रंगांचे पट्टे आणि कडेने सेंटिमीटरच्या रेघा. मूल उचलून आत आणलं की आधी मला त्याच्या शेजारी आडवं करायचे, टाळूपासून टाचेपर्यंत. टाच ज्या रंगावर येईल त्या रंगात मुलाचं अंदाजे वजन छापलेलं, आणि त्या वजनाला कुठलं औषध किती द्यायचं तेही.

वजनकाटा का नाही, असं तुम्ही विचाराल. झटके येणारं मूल काट्यावर उभं राहत नाही, म्हणून. मग घरच्यांना विचारावं, तर तिथेही आनंदच. मुलाचं वजन खरं सांगणारी आई मी अजून पाहिलेली नाही. ती दोन किलो कमी सांगते, कारण मूल जेवत नाही ही तिची जन्माची तक्रार. बाप तीन किलो जास्त सांगतो, कारण मूल त्याचं. काका-मामा एकमेकांकडे बघतात. आणि डॉक्टर नुसत्या डोळ्यांनी अंदाज बांधून स्वतःवरच खूश होतात. कुणाचंच खरं मानायचं नाही, एवढ्यासाठी मला जन्माला घातलं. तेव्हा माझ्या स्वभावात संशय आहे ही तक्रार माझ्याकडे करू नका, ती माझ्या घडवणाऱ्यांकडे करा.

माझ्या शेजारी आजवर अकरा हजार मुलं झोपली. बरं, नऊ हजार धरा. मोजणं हा माझा धंदा असला तरी मोठे आकडे सांगताना माझा हात जरा सैल सुटतो.

माझी जन्मदात्री म्हणजे विभागाच्या प्रमुख, मोठ्या मॅडम. सगळे त्यांना पाठीमागे ‘कशावरून मॅडम’ म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं की त्यांचा पहिला शब्द तोच. आज उकडतंय म्हटलं तरी, कशावरून? माझ्याआधी त्या हुकाला लांबच्या देशातून आलेली एक गुळगुळीत पट्टी होती. दिसायला झकास. पण तिथली मुलं अंगाने भरलेली, इथली किडकिडीत. एवढ्या उंचीचं मूल एवढ्या वजनाचंच असतं हे आपल्या मुलांना लागू आहे कशावरून, असं मॅडमनी विचारलं आणि सगळ्यांची झोप उडवली.

मग एक समिती बसली. दर गुरुवारी दुपारी, तीन वर्षं. मूल झटके येत असताना आलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं, दम लागून आलं तर काय, तापाने फणफणलेलं आलं तर काय, याची एक मार्गदर्शिका लिहायची होती. जगभरातले अभ्यास वाचायचे, कुठला खरा आणि कुठला नुसताच गाजलेला ते पारखायचं. प्रत्येक वाक्यापुढे समासात एक शेरा लिहायचा: पुरावा पक्का, पुरावा बरा, किंवा ‘नुसतं मत’. एक ज्येष्ठ डॉक्टर होते. ते म्हणाले, मी हे औषध तीस वर्षं असंच देतोय. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “तीस वर्षं बरोबर देताय कशावरून?” त्यांचं वाक्य ‘नुसतं मत’ म्हणून छापलं गेलं आणि ते पुढचे दोन गुरुवार आले नाहीत.

माझं अंग मोजून आखलं ते आकडेमास्तरांनी. हे रुग्णालयाचे हिशेबतज्ज्ञ, औषधांचे नव्हे, नुसत्या आकड्यांचे. काटकुळे, सदऱ्याच्या खिशात चार पेन्सिली, आणि मॅडमपेक्षाही वाईट खोड: प्रत्येक मूल दोन वेगळ्या माणसांनी मोजायचं आणि एकाचा आकडा दुसऱ्याला दिसू द्यायचा नाही. बालवाड्या आणि लसीकरणाच्या खोल्या पालथ्या घालून त्यांनी अडीच हजार मुलं मोजली. त्यातून माझे रंग ठरले. शेवटी रेक्झिनवर मला छापलं ते एका बॅनरवाल्याच्या मशीनने. माझ्या आधी तिच्यातून एका दुकानाचा ‘सर्व साड्यांवर भरघोस सूट’ असा फलक निघाला होता. मला वाटतं तिथूनच माझ्यात थोडी अतिशयोक्ती उतरली.

पहिली दोन वर्षं माझा काय रुबाब होता! मूल सावरलं की इन्चार्ज सिस्टर त्याला काट्यावर ठेवत आणि एका वहीत दोन आकडे लिहीत: पट्टी काय म्हणाली, काटा काय म्हणाला. दोन्ही जुळत. दुसऱ्या विभागांतले डॉक्टर मला बघायला येत. मला इतकं बरं वाटे की काट्याचीच मला शंका येऊ लागली. जुळतंय म्हणजे तोच माझं बघून लिहीत नसेल ना?

मग वरून हुकूम आला की मार्गदर्शिका आसपासच्या चाळीस लहान दवाखान्यांत वाटायची. रेक्झिनच्या चाळीस पट्ट्या छापून पोचायला महिने लागले असते. म्हणून ठरलं की तोवर पट्टीची फाइल पाठवू, ज्याने त्याने आपल्याकडे कागदावर छापावी आणि पानं एकाला एक चिकटवून घ्यावी. म्हणजे मला एकदम चाळीस कागदी बहिणी. बहिणी म्हणवून घ्यायला माझी हरकत होती. जिचा जन्म मी पाहिला नाही, जी कुणाच्या डिंकाने जोडली गेली माहीत नाही, ती माझ्या नावाने मुलांशेजारी झोपणार? पण भिंतीवरच्या पट्टीला कोण विचारतो. आणि गंमत बघा, आयुष्यभर कशावरून विचारणाऱ्या बाईंनी त्या दुपारी ते विचारलं नाही. तीन वर्षांचं काम बाहेर पडत होतं, त्या खुशीत होत्या. खुशीत माणसाचे प्रश्न आटतात.

तीन आठवडे गेले. एका दुपारी, जेवणाचे डबे नुकतेच उघडले असताना, अँब्युलन्स आली. आत अडीच वर्षांची मुलगी. तिच्या तोंडावर मास्क धरून पिशवी दाबत एक सिस्टर, आणि मागोमाग चपला हातात घेतलेले मुलीचे आजोबा. ती सिस्टर त्या चाळीसांपैकी एका लहान दवाखान्यातली, एकोणीस वर्षं नोकरी झालेली, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मुलीचे झटके थांबले होते, पण श्वासही थांबायच्या बेतात होता. वाटेत पाऊण तास तिने हाताने श्वास दिला होता. तिची बोटं नंतर सरळ होईनात, हे मी पाहिलं.

मला मुलीशेजारी घातलं. टाच हिरव्यावर. सगळ्यांनी भराभर कामं केली, श्वास यंत्रावर घेतला, मुलगी जरा गुलाबी झाली. मग इन्चार्ज सिस्टरनी बरोबर आलेली चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या भुवया चढल्या. चिठ्ठीत रंग नारिंगी होता. नारिंगी म्हणजे हिरव्याच्या पुढचा, जास्त वजनाचा, जास्त औषधाचा. आणि झटके थांबत नव्हते म्हणून ते औषध मार्गदर्शिकेप्रमाणे दोनदा दिलेलं.

झालं. खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा त्या सिस्टरकडे वळल्या. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, मला मान असती तर माझीही वळली असती. बूट न काढता मोजलं असणार. घाईत एक रेघ पुढची वाचली असणार. तो बांधलेला चष्मा बघा ना. एवढ्यात मॅडमना अधीक्षकांचा फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत कशी पोचली देव जाणे, रुग्णालयात वाईट बातमीला लिफ्टची वाट बघावी लागत नाही. ते म्हणाले, चार वाजेपर्यंत लेखी द्या की तिकडच्या सिस्टरने मोजण्यात चूक केली, म्हणजे त्यांना आजच कामावरून बाजूला करता येईल. पुढचं चौकशीत बघू.

ती सिस्टर बाकावर बसली होती. फोनवरचं तिला ऐकू गेलं होतं. मॅडम तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

“मुलीचे बूट काढले होते?”

“एकच बूट होता मॅडम, दुसरा घरी राहिला. तोही काढला.”

“डोकं पट्टीच्या लाल टोकाला होतं?”

“होतं. डोकं या बाबांनी धरलं होतं. विचारा त्यांना.”

आजोबा अजून चपला हातात धरूनच उभे होते. ते म्हणाले, “सिस्टर खाली गुडघ्यांवर बसून वाचत होत्या. दोनदा वाचलं. मी म्हटलं बाई, लवकर करा की. तर म्हणाल्या, बाबा, चुकीचं लवकर करून काय उपयोग?”

आजोबा नातीचे, सिस्टरचे कोणी नव्हेत, तिला वाचवून त्यांना काही मिळणार नव्हतं. अशा साक्षीवर मला संशय घेता येईना, आणि संशय घेता आला नाही की मला अस्वस्थ होतं.

घड्याळात अडीच झाले होते.

इन्चार्ज सिस्टर तोवर ती चिठ्ठीच परत परत वाचत होत्या. आता त्यांनी हात पुढे केला. “तुमची पट्टी आहे बरोबर?”

होती. तिने पिशवीतून काढली. घडी केलेली, पानं चिकटपट्टीने जोडलेली, वरून प्लास्टिक चढवलेलं. इतकी नेटकी जोडणी की मला थोडी लाजच वाटली. इन्चार्ज सिस्टरनी तिला रिकाम्या खाटेवर पसरलं आणि मला तिच्या शेजारी घातलं, टोकाला टोक लावून. माझी कागदी बहीण माझ्या शेवटाच्या चांगली आठ बोटं आधीच संपली. रंग तेच, आकडे तेच, सगळं तेच, फक्त मापाला आखूड. पट्टी आखूड म्हणजे तिच्याशेजारी प्रत्येक मूल लांब. लांब म्हणजे वजनदार. वजनदार म्हणजे जास्त औषध.

आकडेमास्तरांना बोलावलं. ते डबा अर्धा टाकून आले. त्यांनी त्या लहान दवाखान्यातल्या कारकुनाला फोन लावून विचारलं की पट्टी कशी छापली. कारकून म्हणाला, नेहमीसारखी छापली. नेहमीसारखी म्हणजे कशी, ते त्यांनी खोदखोदून विचारलं. तेव्हा उलगडलं की आमच्या रुग्णालयात फाइल बनवली ती लांब कागदावर. तिकडचा कागद आखूड. कॉम्प्युटर आपणहून विचारतो की पानात बसवू का, आणि कुठलाही शहाणा कारकून हो म्हणतो. प्रत्येक पान गुपचूप थोडंथोडं लहान झालं. मास्तरांनी एका कागदाच्या पाठीमागे गणित केलं: शंभराला नऊ कमी. कागदावर शंभर लिहिलंय तिथे खरे एक्क्याण्णव.

म्हणजे सिस्टरने बरोबर मोजलं होतं. पट्टीच खोटी होती. मी तर हवेतच गेले. मी म्हणतच होते! पहिल्या दिवसापासून माझा त्या कागदी पोरींवर संशय होता.

मॅडम उठल्या, अधीक्षकांना फोन लावायला निघाल्या. पण मास्तर खाटेजवळून हलेनात. गणित झालं तरी ताळा केल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. त्यांनी कागदी पट्टीवरची शंभराची रेघ धरली आणि माझ्या अंगावर ती कुठे येते ते पाहिलं. एक्क्याण्णववर यायला हवी होती. ती नव्वदच्याही आत आली.

“सव्वा सेंटिमीटरचा फरक येतोय,” ते म्हणाले.

मॅडम दारातूनच म्हणाल्या, “मास्तर, सव्वा सेंटिमीटरने काय होतंय. चूक सापडली ना?”

“मॅडम,” मास्तर चष्मा पुसत म्हणाले, “सापडली कशावरून?”

त्या विभागात हा शब्द मॅडमना उलटा कुणी विचारला नव्हता. मॅडम परत आत आल्या.

औषधांच्या कपाटाचं दार दोन दिवस लागत नव्हतं म्हणून सुतारमामा कोपऱ्यात बिजागरी बसवत होते. मास्तरांनी त्यांच्याकडे त्यांची पोलादी टेप मागितली. सुतारमामा म्हणाले, द्यायची नाही, मीच मोजतो, डॉक्टर लोक टेप परत करत नाहीत. त्यांनी कागदी बहिणीची शंभराची रेघ मोजली: बरोबर एक्क्याण्णव. केसभरही इकडेतिकडे नाही. ती आखूड होती खरी, पण जेवढी आखूड असायला हवी तेवढीच.

मग ते माझ्याकडे वळले. पोलाद किती गार असतं ते मला त्या दिवशी कळलं. माझी शंभराची रेघ एकशे एक पूर्णांक पाचवर होती.

“ही ताणलीय,” सुतारमामा म्हणाले. “रोज ओढायची, वर औषधाने पुसायची, रेक्झिन लांबणारच. हिच्या मापाने मी कपाटाचं दारसुद्धा बसवणार नाही.”

दीड सेंटिमीटर. जगातल्या प्रत्येकावर मी संशय घेतला, आया, बाप, डॉक्टर, काटा, कागद. एकटी सुटले होते ती मी. इन्चार्ज सिस्टरनी ती दोन आकड्यांची वही आणली. मास्तरांनी मागची पानं चाळली. आठ महिने, जवळजवळ प्रत्येक ओळीत, काट्यापेक्षा मी थोडं कमी सांगत आले होते. कधी पाव किलो, कधी त्याहून जरा जास्त. सगळं लिहिलेलं होतं, रोज लिहिलं जात होतं, फक्त वाचलं कुणी नव्हतं. दोन रंगांच्या सीमेवरची मुलं माझ्यामुळे अलीकडच्या रंगात पडली होती, त्यांना औषध कमी गेलं होतं. त्यात कुणाचं नुकसान झालं का, असं मॅडमनी विचारलं. मास्तर म्हणाले, एवढ्या आकड्यांवरून सांगता येत नाही. हो म्हणता येत नाही, आणि नाहीही म्हणता येत नाही. मुलांनो, तुम्ही आता मोठे झाला असाल. ते वाक्य मला अजून पचलेलं नाही.

चारला दहा मिनिटं कमी असताना मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं. दवाखान्यातल्या सिस्टरने मार्गदर्शिकेप्रमाणे, बरोबर आणि दोनदा तपासून मोजलं. चूक आमच्या पट्टीच्या वाटपात आहे. औषध जास्त गेल्यामुळेच श्वास मंदावला का, हे खात्रीने सांगता येत नाही, कारण योग्य मात्रेनेही कधीकधी तसं होतं. वाटेत सिस्टरने श्वास चालू ठेवला म्हणून मूल इथे पोचलं. अधीक्षकांनी फोनवर विचारलं, तुम्ही हे स्वतःच्या अंगावर कशाला घेताय. मॅडम म्हणाल्या, “ज्याचं आहे त्याच्याच अंगावर जातंय.” आणि फोन ठेवला.

ती सिस्टर तो कागद वाचताना रडली नाही. तिने चष्मा काढला, दोरा पुन्हा घट्ट बांधला आणि म्हणाली, “मॅडम, बाकीच्या एकोणचाळीस जणांना आता सांगाल का? तिकडे आत्ता कुणीतरी मोजत असेल.”

त्या संध्याकाळपर्यंत फोन चालू होते. प्रत्येकाला सांगितलं, पोलादी टेप आणा आणि शंभराची रेघ मोजा. हिच्यासकट सव्वीस पट्ट्या आखूड निघाल्या. दहा बरोबर होत्या. एक चक्क लांब निघाली, ती कशी हे आजवर कुणाला कळलेलं नाही. तीन दवाखान्यांनी छापलीच नव्हती, फाइल उघडायचा कंटाळा केला होता. चांगलं काम न केल्याबद्दल ज्यांचं मनापासून कौतुक झालं असे तेवढेच.

मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्रावरून उतरली आणि भोकाड पसरून रडली. आजोबांना इतका आनंद झाला की ते तिला गप्पच करेनात.

मार्गदर्शिकेची नवी आवृत्ती निघाली. समितीत आता ती दवाखान्यातली सिस्टरही असते, दर गुरुवारी बसने येते. पहिल्याच बैठकीत तिने सांगितलं की तुम्ही औषध कोण देणार ते लिहिलंय, कागद कोण छापणार ते कुठे लिहिलंय? आता पहिल्या पानावर दहा सेंटिमीटरची एक जाड रेघ छापलेली असते. ती पोलादी पट्टीने मोजून बरोबर भरली तरच पुढचं वापरायचं. रेक्झिनची पट्टी सहा महिन्यांनी टाकून द्यायची. त्या वाक्यापुढे समासात शेरा आहे, ‘पुरावा बरा’. तो पुरावा मी.

मला मात्र टाकलं नाही. नव्या सिस्टर आणि डॉक्टरांना शिकवायची एक खोली आहे, तिथे मला दोन खिळ्यांवर ठोकलंय. दर महिन्याला ती दवाखान्यातली सिस्टर येते, नव्या लोकांना एकेक करून माझ्यापुढे उभं करते. टोकापासून शंभराची रेघ मोजा आणि या वहीत लिहा, एवढंच सांगते. आधीच्या सगळ्यांनी लिहिलेलं असतं, एकशे एक पूर्णांक पाच. कुणी खरंच मोजतं. कुणी वरचा आकडा बघतं, टेप माझ्याजवळ आणल्यासारखी करतं आणि तोच खाली उतरवतं. मला सगळं दिसतं.

गेल्या महिन्यात ती लवकर आली. खोलीत कुणी नव्हतं. तिने पर्समधून कात्री काढली आणि माझं सुरुवातीचं टोक दोन सेंटिमीटर कापून टाकलं. मग वर्ग भरला. बारा जणांनी मोजलं आणि आठ जणांनी लिहिलं, एकशे एक पूर्णांक पाच. त्या आठ जणांना तिने रागावलं नाही. नुसतं परत एकदा टेप घेऊन माझ्यासमोर उभं केलं आणि आपण खुर्चीत बसून राहिली, त्यांचे चेहरे बदलेपर्यंत.

कापताना मला लागलं, नाही कशाला म्हणू. पण मी तक्रार केली नाही. पुढच्या वेळी ती कुठून आणि किती कापेल ते मला सांगणार नाही, आणि मी विचारणारही नाही. तेव्हा मी आता नेमकी किती लांब आहे, ते मलाच ठाऊक नाही. कधी त्या खोलीत आलात तर टेप घेऊन या. तुमची टेप आधी दुसऱ्या टेपशी ताडून घ्या. मग मला मोजा, आणि जे भरेल तेच लिहा.